अनुमोदक सिंधुबाई गिरणीवाल्या

रुईखेडी कंधारपासून अकरा किलोमीटरवर. गावात एक शाळा, एक मारुती, एक दर्गा, दोन हॉटेलं आणि गिरणी मात्र एकच. त्यामुळं कोणाकडं पाव्हणे आले, कोणाची सून रुसून माहेरी गेली, कोणी सासूपासून लपवून धिरड्याचं पीठ काढलं, हे सगळं आधी गिरणीत दळून निघतं आणि मगच गावात वाटलं जातं. ही गिरणी चालवते सिंधु व्यंकट केंद्रे. वय अठ्ठेचाळीस. आधार कार्डावर पंचेचाळीस, आणि वाद झालाच तर आधार कार्ड खरं मानायचं, असा तिचा नियम.

व्यंकटराव तिचे मालक. गिरणी कागदावर त्यांच्या नावावर आहे, म्हणून दिवसातून एकदा येऊन ते मोटारीला हात लावतात, “गरम झाली बरं का” म्हणतात आणि हॉटेलात जाऊन बसतात. स्वभावानं गरीब माणूस. बायकोसमोर आणखी गरीब.

या सिंधुला दोन वर्षांपूर्वी बी.ए.चं वेड लागलं. लेक आदिनाथ लातूरला नोकरीला आहे. त्यानं सुट्टीत आल्यावर मुक्त विद्यापीठाचा फॉर्म गमतीगमतीत भरून दिला. त्याची गंमत, पण हिनं ती मनावर घेतली. तेव्हापासून लाईट गेली की सगळं गाव वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडतं आणि ही चष्मा शोधते. पट्टा थांबला की पुस्तक उघडलं. तिच्या पुस्तकांच्या पानापानात ज्वारीचं पीठ आहे. झटकली तर एका माणसाची भाकरी सहज निघेल.

तिसऱ्या वर्षाला एक प्रकल्प लिहायचा होता. कंधारच्या केंद्रावर शंकरप्पा सरांनी विषयांची यादी पुढं ठेवली. सिंधुनं यादी बघितली नाही, टेबलावरची पुस्तकं बघितली आणि त्यातलं सगळ्यात बारीक उचललं. ते निघालं दोन महायुद्धांच्या मधल्या जपानचं.

“केंद्रेबाई, अवघड जाईल,” सर म्हणाले.

“सर, पानं बाहत्तर हायत. हायब्रीड ज्वारीचं पोतं दळायला याहून जास्त वेळ लागतो मला.”

पुस्तक बारीक होतं, पण आत काय काय भरलं होतं! दहा-बारा वर्षांत जपानचे तीन पंतप्रधान मारेकऱ्यांच्या हातून गेले; एक सुऱ्यानं, दोघं गोळीनं. त्यातल्या पहिल्या दोघांवर हल्ला झाला तो एकाच रेल्वे स्टेशनावर. हे तिनं जेवताना व्यंकटरावांना सांगितलं.

त्यांनी घास गिळला. मग म्हणाले, “एकदा झाल्यावर त्या स्टेशनावर जायचंच कशाला म्हणतो मी.”

पण सिंधुचं मन पंतप्रधानांत रमलं नाही. ते अडकलं एकूणचाळिसाव्या पानावर. तिथं लिहिलं होतं की जपानात १९०० सालापासून असा कायदा होता की बाईनं राजकीय सभेला जायचं नाही. भाषण करायचं नाही हे तर झालंच. पण खाली बसून ऐकायचंसुद्धा नाही. हा कायदा बदलायला तिथल्या बायका दोन-अडीच वर्षं झटल्या. त्यात एक होती इचिकावा फुसाए, शेतकऱ्याची लेक. तिचा बाप तिच्या आईला मारायचा, आणि आई म्हणायची, बाईचा जन्मच असा, सोसायचं. दुसरी ओकु मुमेओ. ही म्हणे पाठीला तान्हं लेकरू बांधून खासदार-उमरावांचे उंबरे झिजवायची. एका उमरावानं वरच्या सभागृहात उभं राहून सांगितलं की बाईनं राजकारणात पडणं निसर्गाच्याच विरुद्ध आहे. बदल तिथंच अडला, एक साल वाया गेलं. शेवटी १९२२ ला कायदा बदलला. बायकांना सभेत बसायची आणि बोलायची मुभा मिळाली. पक्षात शिरायची मात्र मिळाली नाही.

“अगे, नुसतं बसायला?” साबेरानं विचारलं. साबेराबी फारूक शेख, शेजारची शिवणवाली. तिचं मशीन अंगणात लिंबाखाली असतं आणि अर्धा दिवस ती मशीन सोडून गिरणीत असते. “बसायला एवढी मारामारी?”

“हाव. नुसतं बसायला.”

“अन् आपल्याला कोणी बसू नको म्हणलंय का?”

“न्हाई. आपली तर सरकारनं येगळी सभाच ठिवलीय. महिला ग्रामसभा. गावसभेच्या आधी आपली.”

साबेरा म्हणाली, “ती कुठं भरती गे?”

आता खरं सांगायचं तर ती सभा गेली कित्येक वर्षं सिंधुच्या गिरणीतच भरत होती. पंचायतीचा शिपाई श्रीशैल दळण घेऊन यायचा आणि डब्याखाली हजेरीचं रजिस्टर. डबा लायनीत, रजिस्टर चाळणीवर. दोन दिवस ते तिथंच पडलेलं. येईल ती बाई दळण ठेवायची, पीठभरल्या हातानं सही करायची आणि जायची. सिंधु स्वतः पट्ट्याच्या आवाजावर आवाज काढून ओरडायची, “सही करून जा गं, श्रीशैलला परत यायला लावू नका!” श्रीशैलचं दळण ती त्या दिवशी आधी काढून द्यायची. एवढा मोठा लोकशाहीचा कार्यक्रम आपल्या चाळणीवर चाललाय याचा तिला पत्ताच नव्हता.

प्रकल्पाला गावची काहीतरी माहिती जोडा, असं सर म्हणाले होते. तेव्हा सिंधु पंचायतीत गेली आणि ग्रामसेवक आनंदराज भाऊसाहेबांना म्हणाली, “महिला सभेचं प्रोसिडिंग दाखवा.”

भाऊसाहेबांनी सतरा वर्षांच्या नोकरीत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं असावं. त्यांनी आधी चहा सांगितला. मग किल्ली सापडत नाही म्हणाले. किल्ली त्यांच्या हातातच होती, हे सिंधुनं बोटानं दाखवलं.

प्रोसिडिंगमध्ये सुंदर अक्षरात ठराव होता. चिंचेखालच्या मैदानावर आठ व्यापारी गाळे बांधावेत. सूचक, श्रीमती साबेराबी फारूक शेख. अनुमोदक, सौ. सिंधुबाई व्यंकट केंद्रे. सदर विषयावर अनुमोदक यांनी सविस्तर विवेचन केले. ठराव सर्वानुमते मंजूर.

सिंधुनं तारीख बघितली. त्या दिवशी ती माहूरला होती. रेणुकेच्या पायऱ्या चढताना तिची चप्पल तुटली होती आणि ती अनवाणी खाली आली होती. सविस्तर विवेचन तिनं केलं असेल तर ते चप्पलवाल्यापुढं. आणि साबेरा होती नांदेडला, लेक उमैमाच्या बाळंतपणाला.

चिंचेखालचं मैदान म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. चार गल्ल्यांच्या बायका उन्हाळ्यात तिथं कुरडया घालतात, पापड वाळवतात, मिरच्या पसरतात, धुतलेला गहू सुकवतात. गावात दुसरी एवढी सपाट, कुत्र्याडुकरांपासून राखता येईल अशी जागा नाही. हॉटेलं पुरुषांची, पार पुरुषांचा, पंचायतीची पायरी पुरुषांची. बाईला चार बायकांत तासभर टेकायला हेच एक ठिकाण. आणि तेच आपण देऊन टाकलं? तेसुद्धा सविस्तर विवेचन करून?

“ही सही तुमचीच हाय ना, काकू?” भाऊसाहेब हळूच म्हणाले.

सही तिचीच होती. वर पिठाचा ठसापण.

बातमी तिच्या आधी घरी पोचली. सरपंच दयानंदनं हॉटेलात मोठ्यानं सांगितलं, “मैदान मी न्हाई दिलं. बायांनी दिलं. गिरणीवाल्या काकूंनी अनुमोदन दिलंय, विचारा त्यांना.” आता सरपंच दयानंद म्हणायची आपली सवय, पंचायतीच्या पाटीवर नाव आहे सौ. तनुजा दयानंद यांचं. त्या घरात स्वयंपाक करतात, बचत गट चालवतात आणि दयानंद सांगेल तिथं सही करतात. पण सरपंच कोण म्हणून लेकरांना विचारलं तर लेकरंही दयानंदच म्हणतील.

दुसऱ्या दिवशी गिरणीत येणारी प्रत्येक बाई डबा टेकवून एकच वाक्य बोलली. “काय गं सिंधु, दिलंस मैदान?” सत्तरीच्या कमलम्मा देगलूरकडच्या, तोंडानं फटकळ. त्या म्हणाल्या, “पोरी, बी.ए. शिकतीस म्हणे. मैदान इकायला शिकतीस, हे न्हवतं माहीत.”

हे वाक्य सिंधुला लागलं. मोटार गरम झाली नव्हती, तरी तिनं पट्टा उतरवला.

शंकरप्पा सरांना तिनं फोन केला. त्यांनी सांगितलं, ग्रामसभेआधीची पुढची महिला सभा चोवीस जानेवारीला आहे; तिथं जुना ठराव रद्द करायचा नवा ठराव घ्या. पण सभा खरी भरली पाहिजे. भाऊसाहेबांकडून तिनं नियमही काढून घेतला. शंभर बायका हजर पाहिजेत. नाही जमल्या तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला मग दहाजणी असल्या तरी चालतं.

“त्या दहा कुठल्या असतील, मला ठाऊक हाय,” सिंधु म्हणाली. दयानंदच्या भावकीतच दहा बायका होत्या.

म्हणजे शंभर. एका जागी, एका वेळी, खाली बसलेल्या. सिंधु दारोदार निघाली, आणि तिथं तिला कळलं की आपलं गाव जपानपेक्षा अवघड आहे. जपानात बायकांना बसायचं होतं आणि बसू देत नव्हते. इथं बसा म्हणावं तर कोणी बसायला तयार नाही.

“सही पायजे का? आण की इकडं,” पहिली म्हणाली.

“सही न्हाई, तू पायजेस.”

“मी कशाला? सहीत मीच असते की!”

दुसरीनं हात पुसत पुसत पेन मागितला. तिसरी म्हणाली, मालकाला विचारून सांगते. कमलम्मानं तर उदारपणाची हद्द केली. “अंगठा देते. दोन देते. डावा-उजवा दोन्ही घे. पण बसायला सांगू नको, माझे गुडघे का माझ्या बापाचे हायत?”

तीन दिवसांत सव्वीसजणी हो म्हणाल्या. त्यातल्या चौघी चहा मिळेल का, हे विचारून.

त्याच आठवड्यात सिंधुनं पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाचलं, आणि तिचा पार विरस झाला. तिची फुसाबाई, जिनं मतासाठी संघटना काढली. नवऱ्याची परवानगी असेल तरच बाईला गावकारभारात पद, असा अर्धवट कायदा १९३१ ला पुढं आला तेव्हा जी असलं नको म्हणाली. ती लढाई पेटल्यावर सरकारच्या समित्यांवर जाऊन बसली. युद्धानंतर त्यापायी काही वर्षं तिला सार्वजनिक कामातून बाजूला ठेवलं गेलं. पुढं ती परत आली, निवडून आली, म्हातारपणापर्यंत संसदेत बसली, ते सगळं खरं. पण मधलं ते होतंच.

“आवो, हिनं बी मान हलवली,” ती व्यंकटरावांना म्हणाली. घरात कोणी वारल्यासारखा आवाज.

“कोणी?”

“फुसाबाईनं.”

व्यंकटरावांना दोन महिन्यांत ही बाई नात्यातली वाटायला लागली होती. ते विचार करून म्हणाले, “मग तू तिचं नाव कापणार का वहीतून?”

“न्हाई. तेबी लिहिणार.” आणि तिनं लिहिलं. मग वही मिटली, खडू घेतला आणि गिरणीच्या पत्र्यावर हातभर अक्षरात दुसरंच काहीतरी लिहिलं.

‘आजपासून गिरणी बंद. २४ तारखेला सकाळी ११ वाजता महिला ग्रामसभा. शंभर बाया बसल्या की गिरणी चालू.’

त्या दिवशी तारीख होती वीस.

गाव आधी हसलं. एकवीसला डब्यांचे तळ दिसायला लागले तेव्हा हसू जरा कमी झालं. बावीसला एका घरी सलग दोन वेळा भात झाला आणि त्या घरच्या मालकानं गिरणीसमोर येऊन भाषण केलं. सिंधु आत बसून दगडाला टाकी लावत होती. छिन्नीच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नाही, असं तिचं म्हणणं.

“आदिनाथच्या माय,” व्यंकटराव दारातून म्हणाले, “हॉटेलात मला कोणी जागा देईना.”

“मग घरी बसा. जागा हाय.”

साबेरालाही हे पटलं नव्हतं. ती तोंडावर बोलली. “हे बरोबर न्हाई गे. लोकाच्या भुकेवर सभा भरवतीस?”

सिंधु उठली. तिनं आपल्या घरचं पीठ दोन भांड्यांत काढलं आणि कमलम्माच्या आणि आणखी एका एकट्या म्हातारीच्या घरी स्वतः नेऊन दिलं. पण पत्र्यावरचं पुसलं नाही.

आणि मग दयानंदनं डाव टाकला. फाट्यावर, सहा किलोमीटरवर, दुसरी गिरणी आहे. चोवीसच्या सकाळी सात वाजता त्यानं आपला टेम्पो गावात फिरवला. भोंग्यावरून सांगितलं, सरपंचांतर्फे मोफत सेवा, आपापले डबे टाका, दळून आणून देतो, माताभगिनींना कुठं जायची गरज नाही. प्रत्येक घरातून डबा निघाला. सिंधु दारात उभी राहून बघत होती. तिच्या सव्वीसजणींतल्या सव्वीसजणींचे डबे टेम्पोत चढले.

“झालं,” साबेरा म्हणाली.

“अकरा वाजू दे की,” सिंधु म्हणाली. पण तिनं पदर दोनदा खोचला, एकदाच खोचून पुरला असता.

साडेदहाला ती पंचायतीसमोर गेली. मागून साबेरा आणि व्यंकटराव, हातात गुंडाळलेली सतरंजी. भाऊसाहेबांनी टेबल, खुर्ची आणि रजिस्टर मांडलं होतं. सतरंजीवर मोजून नऊ बायका. भाऊसाहेबांनी घड्याळ काढून समोर ठेवलं. तहकुबीचा कागद त्यांनी आधीच लिहून आणला होता, रजिस्टरातून त्याचं टोक डोकावत होतं.

अकराला दहा कमी असताना टेम्पो आला. दयानंदला आपली मोफत सेवा गावाला दिसायला हवी होती, म्हणून त्यानं टेम्पो घरोघर न नेता पंचायतीसमोरच उभा केला. पोरांनी भराभर डबे उतरवले. एकशेचाळीसच्या वर डबे, पंचायतीच्या अंगणात रांगेनं. भोंगा बोलला, “पीठ आलेलं आहे. आपापले डबे घेऊन जावे.”

पुरुष मंडळी आली. आणि डब्यांसमोर उभी राहिली.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. रुईखेडीतल्या एकाही पुरुषाला आपल्या घरचा पिठाचा डबा ओळखता येत नाही. जन्मभर त्यातलं खाल्लंय, पण डबा कधी उचलला नाही. एकजात स्टीलचे डबे, एकजात कडीचे. कोणाच्या झाकणावर माहेरचं नाव कोरलेलं. पण बायकोच्या माहेरचा डबा कोणता, हे सांगायचं धाडस कोण करणार? फारूकभाईनं एक डबा उचलला, तर आत बाजरी. त्यांच्या घरी बाजरी कोणी खात नाही. एका मास्तरांनी दोन डबे उघडले, वास घेतला आणि परत झाकले. दोघं एकाच डब्याची कडी धरून ओढायला लागले.

“ए, सोड! हा आमचा हाय, पोचा हाय बघ इथं!”

“पोचा आमच्या बी डब्याला हाय!”

शेवटी एकानं पोराला पिटाळलं, “जा, मायला बोलव.” मग दुसऱ्यानं. पाच मिनिटांत गल्ल्यागल्ल्यांतून बायका निघाल्या. कोणाचे हात कणकेचे, कोणी कडेवर लेकरू घेऊन. नवऱ्यांना बाजूला सारत त्या डब्यांत शिरल्या आणि अंगण भरून गेलं. कोणाच्या डब्यात हरभऱ्याची भेसळ झालेली, कोणाचं पीठ जाडं. फाट्यावरच्या गिरणीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला.

सिंधु टेम्पोच्या फाळक्यावर चढली.

“आलाच हाय तर बसा गं!” तिचा आवाज पट्ट्याच्या आवाजावर चढायला सरावलेला, भोंग्याची गरज नव्हती. “डबा मांडीजवळ ठिवा अन् बसा. पीठ पळत न्हाई, मैदान पळालंय. तुमच्या सहीनं पळालंय. माझ्या बी.”

“अन् गिरणी?” मागून एकजण ओरडली. “हे पीठ म्हशीला घालायच्या लायकीचं हाय!”

“बसलीस की दुपारी चालू.”

एक बसली. मग तिच्या शेजारची, कारण तिच्याशी बोलणं अर्धवट राहिलं होतं. मग सगळ्याच टेकल्या. सतरंजी पुरली नाही, तर डब्याची झाकणं खाली घेतली. कमलम्मा बसल्या नाहीत. दोन डबे एकावर एक रचून त्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, “हितनं सगळं दिसतं.”

भाऊसाहेब मोजायला लागले. चौऱ्याण्णवला चुकले, परत पहिल्यापासून मोजायला लागले. दुसऱ्यांदा आकडा आला एकशेसात. तहकुबीच्या कागदाचं टोक त्यांनी बोटानं आत ढकललं.

“अध्यक्ष न्हाईत,” दयानंद खुर्चीमागं उभा राहून म्हणाला. “सरपंचांची तब्येत बरी न्हाई. अध्यक्षाबिगर सभा होत नसती.”

“सरपंच डबा हुडकलाल्यात की,” कोणीतरी म्हणालं.

तनुजा खरंच डब्यांच्या शेवटच्या रांगेत वाकलेली होती. सगळ्यांनी बघितल्यावर ती सरळ झाली.

“तनुजा, घरी चल,” दयानंद म्हणाला.

“डबा सापडू द्या की.”

“मी शोधतो डबा.”

“तुम्हाला वळखायचा न्हाई,” ती म्हणाली आणि मधून वाट काढत येऊन खुर्चीवर बसली. तिला खुर्ची उंच झाली होती. पाय खाली टेकेनात, म्हणून पुढं सरकून टोकावर बसली. “भाऊसाहेब, विषय वाचा.”

दयानंद डब्यांच्या रांगेत उभा राहिला. काहीतरी करायचं म्हणून त्यानं एक झाकण उघडलं आणि लावलं.

जुना ठराव वाचून दाखवला गेला. ‘अनुमोदक यांनी सविस्तर विवेचन केले’ या वाक्याला एवढं हसू उठलं की भाऊसाहेबांना थांबावं लागलं. सिंधुनं उभं राहून सांगितलं, त्या दिवशी मी माहूरला होते, पण सही माझी हाय, न वाचता केलेली, ते मी कबूल करते, आता तो ठराव रद्द करा. सगळे हात वर गेले. कडेवरच्या एका लेकरानंही केला. भाऊसाहेबांनी तो मोजला नाही.

सिंधुला वाटलं, झालं. ती बसायला लागली, तेवढ्यात तनुजाचा आवाज आला.

“काकू, बसू नका. मला बी बोलायचंय. आठ गाळे नकोच. पण दोन पायजेत. गटाच्या बायांसाठी.”

“कशाला?”

“पापड वाळवायला जागा हाय, इकायला कुठं हाय? तुम्ही वाळवायचं बोललाल्या, मी इकायचं बोलते. कंधारचा येपारी येतो, सांगल त्या भावात उचलतो. आपलं दुकान असलं तर?”

सिंधु खवळली. “आज दोन म्हणशील, उद्या आठ. ही दयानंदची भाषा हाय.”

“त्यांची न्हाई.” तनुजाचा चेहरा लाल झाला. “त्यांनी आठातला एक बी गटाला दिला नव्हता. मी मागितला होता.”

दयानंद डब्याचं झाकण बघत राहिला.

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. दोन गाळे कुठं? चिंचेच्या बाजूला नको, सावली जाईल. रस्त्याकडं घ्या. धूळ कुरडयांवर येईल. मग भिंत घाला. भिंत घातली तर वारं कसं येणार? तासभर असा कल्ला चालला. भाकरीची वेळ टळली. एकदोन नवरे डोकावून गेले, त्यांना हातानंच परतवलं गेलं.

सिंधु एकटी पडत चालली होती. तिनं साबेराकडं बघितलं, आता ही बोलेल म्हणून. साबेरा उभी राहिली आणि म्हणाली, “दोन गाळे पायजेत. मला बी एकात कोपरा द्या. माझं मशीन अंगणात भिजतं.”

“साबेरा!”

“काय साबेरा? तूच सांगितलंस ना, तुझ्या जपानवाल्या बायांनी बी आधी अर्धंच घेतलं? बसायचं घेतलं, पक्षाचं सोडलं.”

“अन् पुढचं अर्धं आलं तवा नको म्हणल्या, ते बी सांगितलं होतं!”

“मग त्यांचं त्यांच्यापाशी. ते कुठं पापड वाळवतेत?”

तनुजानं मत घेतलं. दोन गाळ्यांच्या बाजूनं त्रेसष्ट हात. विरुद्ध एक्केचाळीस, त्यात पहिला सिंधुचा, खांद्यापासून ताठ. तिघी कुठंच नव्हत्या. त्या डब्यातलं पीठ चाचपून बघत होत्या.

भाऊसाहेब लिहायला लागले. हाताला वळण पडलेलं. त्यांनी लिहून टाकलं, सर्वानुमते मंजूर.

सिंधु टेबलाशी उभी होती. तिनं उलटी अक्षरं वाचली.

“खोडा.”

“काकू, असंच लिहितेत…”

“खोडा. बहुमतानं लिहा. विरोधात सिंधुबाई व्यंकट केंद्रे अन् चाळीसजणी. नावं घाला. कारण घाला, मैदान कमी होतंय म्हणून. मी हरले हे बी नीट लिहा, पण जे झालं तेच लिहा.”

भाऊसाहेबांनी तनुजाकडं बघितलं. तनुजा म्हणाली, “लिहा, काकू सांगतेत तसं.”

दुपारी तीनला गिरणी चालू झाली. लाईन मारुतीपर्यंत गेली. ज्यांनी विरुद्ध हात केला त्यांची दळणं आधी, असा मोह सिंधुला क्षणभर झाला, हे साबेरानं तिच्या चेहऱ्यावर वाचलं. पण नंबर लागला तसंच दळलं.

सव्वीसच्या गावसभेत दयानंदच्या दोस्तांनी विषय उकरायचा प्रयत्न केला. पण मागं साठेक बायका येऊन बसल्या होत्या, आणि एकमेकींशी पटत नव्हतं तरी उठत नव्हत्या. ठराव तसाच राहिला. सिंधुचा प्रकल्प शंकरप्पा सरांकडं पोचला, एकशेअकरा पानांचा. सर म्हणाले जपान कमी आणि रुईखेडी जास्त झालंय, सिंधु म्हणाली पुस्तक बारीक होतं, मी काय करू.

आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी चिंचेखाली जागा आखायची ठरली. तनुजा दोरी आणि चुन्याची पाटी घेऊन आली. साबेरा खुंट्या घेऊन. सिंधुला कोणी बोलावलं नव्हतं. ती आधीच येऊन मैदानाच्या मधोमध उभी होती.

“काकू, दोरीचं टोक धरता का?”

“धरते. पण हितनं पुढं सोडणार न्हाई.”

“ठरावात रस्त्यापासून दहा फूट हाय.”

“माझ्या पायापातुर साडेनऊ होतं.”

“मग तुम्ही अर्धा फूट मागं सरा की.”

“तुम्ही रस्त्याकडं सरा.”

दोरी दोघींच्या मधे ताणली गेली. साबेरा खुंटी आणि दगड हातात घेऊन कोणाचं ऐकावं ते बघत उभी राहिली. ऊन चढत होतं. गिरणीसमोर तोवर सात डबे लागले होते, आणि व्यंकटराव मोटारीला हात लावून “गार हाय, गार हाय” म्हणत बायकांना थोपवत होते. इकडं सिंधुनं टाच मातीत रोवली, दोरीला मनगटाचा एक वळसा घातला आणि म्हणाली, “साबेरा, टेप आण. शाळेतला. नीट मोजू, मग सरकते का बघू.”